डोकं बाजूला

कागद तीन दिवस फ्रिजवर, चुंबकाखाली.
'पाल्यास इजा झाल्यास संस्था जबाबदार राहणार नाही.'
खाली सहीसाठी रेघ, एवढीशीच.
तिच्यावर नाव मावतं, बाकी काही मावत नाही.

मी हाडांचे फोटो काढते, जी.टी.च्या तळमजल्यावर,
सतरा वर्षं.
श्वास घ्या, धरून ठेवा, सोडा,
हे मी झोपेतही म्हणते, असं घरचे सांगतात.
बारा वर्षांच्या मनगटात, टोकाशी,
एक काळी फट दिसते.
नवे शिकाऊ घाबरतात. मोडलंय, म्हणतात.
मोडलेलं नसतं.
मूल तिथून वाढत असतं.
भाविकाची फट अजून उघडी आहे.

जाऊबाई म्हणतात, एवढं काय त्यात,
आपला निनाद सहाव्या थरावर चढायचा
तेव्हा कुणी आणला होता कागद?
नव्हता आणला.
निनादचा खांदा अजून बादली उचलताना कटकन बोलतो.
त्याचाही फोटो मीच काढला होता, दोन बाजूंनी.

पण हाडाचं मला भय नाही.
हाड जुळतं, जुळताना जरा जाडच होतं.
मला भय त्या मुलाचं,
जो मार्चमध्ये आला, मैदानावरून थेट,
रग्बीची जर्सी, कानात माती.
फिल्म स्वच्छ. कवटी बशीसारखी.
आणि तो टेबलावर आडवा, विचारतोय,
मावशी, मॅच संपली?
संपली रे.
मी प्लेट बदलली.
मावशी, मॅच संपली?
पाच वेळा.
सहाव्यांदा त्याचा बाप बाहेर जाऊन भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.
माझ्या यंत्रात हाड येतं,
प्रश्न येत नाही.

हे सगळं तिला सांगितलं.
ती आमटी-भात कालवत ऐकत होती.
म्हणाली, त्यानं डोकं चुकीच्या बाजूला घातलं असणार.
डिमेलो सर पहिला महिना बॉलला हातच लावू देत नाहीत,
नुसतं पडायला शिकवतात.
हात धुते. चल, दाखवते.

रात्री साडेनऊ, क्वार्टर्सची गच्ची.
उन्हात घातलेली कापसाची गादी कुणीतरी न्यायची विसरलेलं.
पलीकडे बंदरातले दिवे,
टाकीपाशी नलावडे फोनवर गावाशी बोलत होते.
आई, चालत ये माझ्याकडे. हळू. घाबरू नकोस.
(हे वाक्य माझं होतं.
ती दहा महिन्यांची होती, पलंगाची कड धरून उभी.)
मी निघाले.
ती वाकली, नजर वर,
डोकं बाजूला, गाल माझ्या कमरेला,
दोन्ही हात मांड्यांमागे,
आणि पायाखालचं सिमेंट गेलं.

वहिनी, कुणाला बोलावू का? नलावडे म्हणाले.
नको.
लागलं नव्हतं.
तिचे हात सुटले नव्हते अजून.
धरायचं असतं, आई, ती माझ्या पोटात तोंड घालून म्हणाली,
नुसतं धडकलं तर फाऊल.

एवढं घट्ट तिनं मला पहिलीत धरलं होतं,
शाळेच्या फाटकापाशी.
तेव्हा मी एकेक बोट सोडवून घेतलं होतं.
सकाळची ड्युटी होती.

घरी आल्यावर पाहिलं, कोपर खरचटलंय. माझं.
तिनं डेटॉल लावलं, फुंकर घातली,
झोपायला गेली.
मी कागद खाली काढला.
रेघेच्या खाली, कोऱ्या जागेत, बारीक अक्षरात लिहिलं:
'तिनं एकच प्रश्न दोनदा विचारला,
तर तिच्यापुरती मॅच संपली, असं समजावं.
स्कोअर काहीही असो.'
सही त्याच्याखाली केली.
रेघ तशीच कोरी आहे.
डिमेलो सरांना चालतं का, बघू.